बाहेरचं टर्मिनल

परभणीत कॉम्प्युटरची वायर अंगण ओलांडून पलीकडं नेणारे पहिले आमीच असू, हे मी पैज लावून सांगते. कुणी म्हणंल, त्यात काय एवढं? शेतात मोटरला न्हाई का ओढत वायर? तसं न्हाई ओ. मोटरच्या वायरीतनं लाइट जाती. आमच्या वायरीतनं अक्षरं जायची. लाइट थोडी कमी पोचली तर मोटर कण्हत का होईना चालती, पण अक्षर थोडं कमी पोचलं की ते अक्षर राहतच न्हाई, भलतंच काहीतरी होऊन बसतंय. हे मला तवा नवं नवं कळलं होतं अन् मी आठवडाभर जो भेटंल त्याला हेच सांगत सुटले होते. एसटीत बाजूला बसलेल्या भाजीवालीला पण.

पण ती वायर कामून ओढली, हे भाजीवालीला न्हाई सांगितलं. ते इथं सांगायलेय.

मी झरीची. बारावी झाली, टायपिंगच्या परीक्षा झाल्या, बोटं लय पळायची माझी, अन् तेवढ्यात कळलं की परभणीत एका घरात कॉम्प्युटरचं काम चालू झालंय अन् टाइप करणाऱ्या पोरी पाहिजेत. गेले. मालक पुण्याला शिकून आलेले, आमी त्यांना सर म्हणायचो. घराच्या पुढच्या खोलीत एसी बसवलेला, चपला बाहेर, पडदे ओढलेले. एक मोठं मशीन, अन् त्याला जोडलेली दोन टर्मिनलं. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा अन् अक्षरांच्या बटनांची पाटी. त्याला स्वतःचं डोकं नसतं. डोकं सगळं मोठ्या मशीनमधी, आपण फक्त लांबून बोलायचं अन् त्यानं ऐकायचं. सोसायट्यांच्या सभासदांच्या याद्या, शाळांचे निकाल, विद्यापीठातनं येणारे पिकांच्या प्रयोगांचे आकडे, असलं सगळं आमी भरायचो.

आमी म्हणजे मी अन् अक्का.

अक्का माझी सख्खी कुणी न्हाई. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी, लग्न झालेली, माहेर गंगाखेडकडचं अन् सासर चुडाव्याचं. नवरा रेल्वेत, पूर्णेला ड्युटी, म्हणून दोघं परभणीत स्टेशनच्या मागं एका खोलीत राहायचे. मी त्याला दाजी म्हणायची. त्या वर्षी औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतरावरनं आज हे बंद, उद्या ते बंद, झरीची एसटी कधी मिळायची, कधी न्हाई. न्हाई मिळाली की मी अक्काकडंच झोपायची. त्यामुळं मला तिच्या घरातलं सगळं माहीत. आठ वर्षं झाली होती लग्नाला, लेकरू नव्हतं. टायपिंगमधी मात्र ती माझ्यापेक्षा पुढं. मी पळायची अन् ठेचकाळायची. ती पळायची अन् ठेचकाळायची न्हाई. पत्र्यावर गारा पडल्यावानी सारखा आवाज, अन् कागद संपला की एकदम गप.

तर वायर.

सरांची बायको, आमी काकू म्हणायचो, तिचं म्हणणं एकच. मशीन म्हणजे लक्ष्मी. आणलं तवा सत्यनारायण घातला होता, दसऱ्याला हळदीकुंकू, अन् अक्काच्या टर्मिनलवर एक चिमणा गणपती बसवलेला. म्हणून ‘त्या’ चार दिवसांत पोरींनी खोलीत पाय टाकायचा न्हाई. झालं. मी चार दिवस घरी, अक्का चार दिवस घरी, काम तसंच पडून. सर डोक्याला हात लावून बसायचे.

“महिन्यातले आठ दिवस खुर्ची रिकामी,” सर म्हणाले. “काम कोण करणार? गणपती?”

“असल्या गोष्टीत देवाचं नाव घेऊ नका,” काकू आतून म्हणाली.

सर आमच्याकडं बघंनात अन् आमी त्यांच्याकडं बघंना. पण दुसऱ्या दिवशी ते फूटपट्टी घेऊन अंगणात उभे. अंगणाच्या पलीकडं, हौदाच्या मागं एक खोली होती, पहिले तिथं सरकी ठेवायचे. तिचं दार मागच्या गल्लीत उघडायचं. तिथं तिसरं टर्मिनल टाकायचं ठरलं. बाईला खोलीत येता येत न्हाई ना, मग मशीनचा हात बाईपर्यंत न्यायचा. बायकोला समजावण्यापेक्षा वायर ओढणं सोपं, असा हिशोब.

अन् खोटं कशाला बोलू, मला लय मजा वाटली. घरी बसायचं न्हाई! मी शिडी धरली, सर वर चढले, वायर तुळशीमागनं, हौदावरनं, लिंबाच्या फांदीखालनं नेली. अक्का खालून ओरडली, “सर, कावळा बसंल त्याच्यावर.” अन् माझ्या कानात म्हणली, “कावळ्यासाठीच तर ओढायलेत.” मी हसून हसून शिडी सोडली, सर पडता पडता वाचले.

पहिल्या दिवशी अक्कानं बाहेर बसून इंग्रजी अक्षरांत ‘चुडावा’ टाइप केलं. पडद्यावर काय उमटावं? कंस, प्रश्नचिन्हं, टिंबं, मधीच एक डी.

“ये बाई,” अक्का म्हणली, “हे तर माझ्या सासूच्या बोलण्यावानी हाय. कळत काहीच न्हाई, पण शिव्याच असतील.”

सरांनी औरंगाबादच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणला, पन्नास फुटांच्या पुढं ही लाइन जातच नसती. मग तो स्वतः आला, तांब्याच्या जाळीत गुंडाळलेली वायर घेऊन. जाळी एकाच टोकाला जमिनीला जोडायची. दोन्हीकडं जोडली तर इकडच्या जमिनीचं अन् तिकडच्या जमिनीचं भांडण लागतं, अन् ते भांडण वायरीतनं वाहतं, असं त्यानं सांगितलं. शेजारच्याची पाण्याची मोटर चालू झाली की अक्षरं नासायची, म्हणून वायर दुसऱ्या भिंतीवरनं फिरवली. दोन्ही टोकांना आवाज वाढवणाऱ्या दोन डब्या लावल्या. अन् सगळ्यात शेवटी वेग कमी केला. हे मला लगेच कळलं. आमच्या शेतात या बांधावरनं त्या बांधावर हाक मारायची तर भरभर बोलून चालत न्हाई, एकेक शब्द सुटा करून ओरडावं लागतंय. तसंच. आतल्या टर्मिनलवर फॉर्म कसा, फट्कन येऊन उभा राहायचा. बाहेरच्यावर तोच फॉर्म वरून खाली एकेक ओळ उतरायचा, म्हातारी जिना उतरल्यावानी.

पण उतरायचा! बरोबर उतरायचा! मी टाळ्या वाजवल्या. सरांनी सगळ्यांना पेढे दिले. माझा अन् अक्काचा पेढा काकूनं हातात न देता वरनं टाकला, कारण त्या दिवशी नेमकी मीच बाहेरची होते, अन् अक्का मला शिवली होती.

त्या मशीनमधी एक सोय होती, एका टर्मिनलवरनं दुसऱ्यावर निरोप टाकता यायचा. अक्का बाहेर असली की आमचं दिवसभर चालायचं, मराठी बोलणं इंग्रजी अक्षरांत.

मी लिहायची, चहा पाठवू का.

ती लिहायची, काकूला विचार, वायरीतनं कप बाटतो का.

मी लिहायची, बाटला तर इंजिनिअरला बोलवू.

सरांना वाटायचं, पोरी काय काम करायल्यात!

मजा किती दिवस टिकली ते आठवत न्हाई. लय न्हाई टिकली. त्या मागच्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून दार उघडं ठेवावं लागायचं, अन् दार गल्लीत. टर्मिनलच्या हिरव्या उजेडात आपण बसलेलो, गल्लीतनं जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसायचो. दूधवाला, कल्हईवाला, शाळेची पोरं. महिन्याभरात सगळ्या गल्लीला कळलं की ती खोली कशाची हाय. मी बसले तर एवढंच व्हायचं की पोरं फिदीफिदी हसायची, मी जीभ काढून दाखवायची. माझं काय, माझं लग्न न्हाई, बाहेर बसणं म्हणजे सगळं ठीक चाललंय.

अक्काचं तसं नव्हतं. लेकरू होत नसलेल्या बाईनं बाहेर बसणं म्हणजे काय, हे गल्लीतल्या दूधवाल्याला पण कळतंय.

अन् नुसती गल्ली असती तर एक वेळ चाललं असतं. काकूचं माहेर चुडाव्याचं. काकूची आई अन् अक्काची सासू शेजारी-शेजारी, तिथूनच तर अक्काला हे काम लागलं होतं. काकूचा भाऊ दर आठवड्याला पॅसेंजरनं परभणीला यायचा, काही न काही कामानं, अन् जाताना खबर घेऊन जायचा. पहिले अक्का त्या दिवसांत घरीच असायची, भावाच्या नजरेस पडायची न्हाई, त्यामुळं तिकडं काही कळायचं न्हाई. परभणीच्या एका खोलीत नवरा-बायको दोघंच, अक्का घरी बाजूला बसतच नसायची. बसली तर भाकरी कोण थापणार? सासूनं विचारलं की, “बघू, या खेपंला वाटायलंय काहीतरी,” असं म्हणून वेळ मारून न्यायची. आता वेळ मारता येईना. वायर आमच्या अंगणातली, पण तिचं टोक चुडाव्यात निघालं.

एका रविवारी सासू खोलीवर आली होती, मी पण होते. बाई काही वाईट नव्हती. माझ्यासाठी पण धपाटे आणले होते. पण बसल्या बसल्या म्हणली,

“मंगळवारी भाईर बसली व्हतीस म्हनं.”

अक्का चहा गाळत होती. “हो आत्याबाई.”

“आठ वर्सं झाली, माय. मी काय तुला जाच केला का? सांग बरं या पोरीसमोर.”

“न्हाई आत्याबाई.”

“मग आता माज्या बी जिवाचा इचार कर. एकच लेक हाय. तुळशीचं लगीन लागंस्तोवर थांबते. मग फारकत घेऊ, शिस्तीत, भांडन न्हाई, तंटा न्हाई. पोरगी बघून ठिवली हाय मी.”

दाजी कोपऱ्यात बसून बुटाला पॉलिश करायलेला. त्यानं वर बघितलं न्हाई. एकच बूट किती वेळ घासावा माणसानं.

सासू गेल्यावर मी तडतडले. “दाजी, तुमी काही बोलत कामून न्हाईत?” तो म्हणला, “आईपुढं काय बोलू?” अक्का म्हणली, “त्याला नको बोलू. त्याला आवाज वाढवायची डबी लावावी लागंल.” अन् हसली. ती अशा वेळी पण हसायची, ह्याचाच मला राग यायचा.

तर असं सगळं चाललेलं अन् श्रावण आला. अन् श्रावणात अक्का बाहेर बसली न्हाई.

मी बोलले न्हाई, नजर लागंल म्हणून. ती पण बोलली न्हाई. पण काकूच्या ध्यानात आलं होतं. पंचमी झाली, पोळा झाला, मी दोनदा बाहेर बसून आले, अक्का आतच. मग काकू एक दिवस खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, आत न येता अक्काकडं बघत राहिली अन् हळूच म्हणली, “काय गं?” अक्का लाजली. खरंच लाजली, मी तिला तशी कधी बघितली नव्हती. डॉक्टरीणबाईकडं जाऊन पण आली होती. पक्कं होतं.

मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी एका सोसायटीच्या सगळ्या सभासदांना एकच आडनाव लावलं. सगळं परत भरावं लागलं. सर ओरडले. मी ओरडा खाताना पण हसायलेले.

खबर पुढच्याच पॅसेंजरनं चुडाव्याला गेली. सासूनं साजूक तूप पाठवलं, डबाभर. काकूनं अक्काच्या खुर्चीवर उशी ठेवली. सरांनी एसी कमी केला. दाजी एकदा तिला न्यायला आला तर दारात उभं राहून मला म्हणला, “तुझ्या अक्काला जास्ती काम नको देत जाऊ.” एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

गौरी गेल्या अन् तिसऱ्या का चौथ्या दिवशी, दुपारी, आमी दोघी शेजारी-शेजारी बसून निकाल भरायलेलो. मधीच अक्काच्या गारा थांबल्या. मी बघितलं तर अक्का पडद्याकडं बघायली अन् बोटं बटनांवर नुसती ठेवलेली. मग परत चालू. परत थांबली. मी म्हणलं, “काय गं?” “काही न्हाई, कंबर दुखायली.” मग माझी शाल मागितली. एसीत मी शाल घेऊन बसायची. तिनं ती खांद्यावर न घेता कमरेला गुंडाळली.

मला तवा पण कळलं न्हाई. मी आपली बडबडायलेली. अन् मग तिच्या पायाकडं बघितलं.

“अक्का, ऊठ.”

“गप.”

“अक्का ऊठ ना, दवाखान्यात जाऊ.”

“उठले की काकू बघंल,” ती म्हणली. “एवढं पान होऊ दे. काकू चार वाजता झोपती.”

अन् ती टाइप करत राहिली. दाराच्या बाहेर काकू गहू निवडत बसलेली, पलीकडं ती खोली, अन् अक्का आत खुर्चीवर दात आवळून पोरांचे मार्क भरायली, कारण उठणं म्हणजे सांगणं होतं. काकू आत गेली तवा मी अक्काला उठवलं, खुर्चीवरची उशी पिशवीत कोंबली, फरशी माझ्या ओढणीनं पुसली, अन् मागच्या गल्लीतनं रिक्षा आणली. जाताना काकू पाणी प्यायला उठली होती, तिला दिसलोच.

“चक्कर आली तिला,” मी म्हणलं.

“येणारच,” काकू खुशीत म्हणली. “तिसरा लागायला ना आता.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं तपासलं अन् मला बाहेर पाठवलं. गर्भपिशवी साफ करावी लागली. संध्याकाळी आत सोडलं तवा अक्का भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी रडायला लागले तर माझ्याकडं वळून म्हणली, “तू काही बघितलं न्हाईस. ऐकलं का? चुडाव्याला काही कळू द्यायचं न्हाई.”

“पण कळंलच ना गं.”

“कळंल तवा कळंल. तोवर मी आत बसते.”

दाजीला तिनं सांगितलं. तो म्हणला, “आईला सध्या नको सांगू.” त्याच्या मनात काय होतं देव जाणे. कदाचित त्याला वाटलं असंल, तुळशीच्या लग्नाच्या आत परत काहीतरी होईल. मला पण तसंच वाटायचं. मी देवाला सांगत सुटले होते, झरीच्या मारुतीपासून परभणीच्या दर्ग्यापर्यंत एक पण सोडला न्हाई.

अक्का पाच-सहा दिवसांनी कामावर आली अन् आत बसली. काकूनं नवी उशी दिली. जुनी कुठं गेली म्हणून विचारलं, मी म्हणलं, उंदरानं कुरतडली. पितृपंधरवड्यात चुडाव्याहून परत तूप आलं. अक्का मला म्हणायची, “खा गं, तुझ्या अंगाला तरी लागू दे.” काकू रोज काही न काही सांगायची, पपई खाऊ नको, डाव्या कुशीवर झोप, तिन्हीसांजंला उंबऱ्यात बसू नको. अक्का हो म्हणायची. सगळ्याला हो. मी खाली मान घालून मार्क भरायची.

अन् मग तिचे ते दिवस आले. आता? ती आतच बसली. तिची बोटं चालूच. दुपारी खोलीत कुणी नसताना तिनं टर्मिनलवरच्या त्या चिमण्या गणपतीकडं बघितलं अन् म्हणली, “तुला चालतंय ना रे?” जरा वेळ थांबली, खरंच उत्तर येणार असल्यावानी. मग म्हणली, “चालतंय त्याला. काकूलाच चालत न्हाई.”

मला वाटलं, असंच निभंल. निभलं असतं का? न्हाई. पोट कुठून आणणार होती ती. पण मला वाटत होतं खरं.

नवरात्रात सासूचा निरोप आला, तिसरा सरायच्या आत चोरचोळी करायची. आमच्याकडं पहिलटकरणीला कुणाला जास्ती न सांगता हिरवी चोळी देतात, ओटी भरतात, गोड खाऊ घालतात. अन् अक्काची खोली लहान, म्हणून काकू म्हणली, आमच्याच घरी करू, माझ्या पण माहेरची सूनच हाय ती. दिवस ठरला.

आदल्या दिवशी मी अक्काला म्हणलं, “आजारी पड. तापाचं सांगू.”

“अन् पुढच्या आठवड्यात?”

“पुढच्या आठवड्यात काहीतरी काढू.”

तिनं हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणली, “आतापर्यंत मी तोंडानं काहीच खोटं बोलले न्हाई बघ. नुसती बसून राहिले. पण पदर पसरून ओटी घ्यायची म्हणजे... त्या बाईनं आठ वर्षं ती चोळी ट्रंकेत ठेवलेली हाय गं.”

त्या दिवशी मी लवकर आले. काकूनं रांगोळी काढलेली, पाट मांडलेला, स्वयंपाकघरातनं पुरणाचा वास. सासू सकाळच्या पॅसेंजरनं येऊन ओसरीवर बसलेली, नवं लुगडं, मांडीवर पिशवी. मला म्हणली, “आली का गं तुजी अक्का?” मी म्हणलं, “येईल आता,” अन् खोलीत जाऊन बसले. अक्काची खुर्ची रिकामी.

मशीनवर कोण कोण काम करायलंय हे बघता येतं. मी उगंच बघितलं. हाताला काहीतरी पाहिजे म्हणून. पडद्यावर दोन ओळी आल्या. एक मी. अन् दुसरी तिसऱ्या टर्मिनलवर अक्का.

ती पुढच्या दारानं आलीच नव्हती. गल्लीतनं जाऊन मागची खोली उघडली होती, बटन दाबलं होतं अन् कामाला बसली होती.

अन् तिचे ते दिवस नव्हते. मला पक्कं माहीत होतं, नव्हते.

मी उठायच्या आत काकू हौदावर पाणी घ्यायला गेली. कळशी ठेवल्याचा आवाज आला. भिंतीपलीकडनं बटनांचा आवाज तिला आला असणार. मग काकू ओसरीवर येऊन सासूजवळ नुसती उभी राहिली. सासूनं तिच्या तोंडाकडं बघितलं, पिशवी उचलली अन् अंगण ओलांडून मागच्या गल्लीत गेली. मी मागनं पळाले.

अक्का दाराकडं पाठ करून टाइप करायली. फॉर्म एकेक ओळ खाली उतरायला, ती थांबायची, भरायची, परत थांबायची.

सासू उंबऱ्याच्या अलीकडं उभी. “कवा झालं?”

“गौरी गेल्यावर,” अक्का म्हणली. वळली न्हाई.

“अन् मला तूप पाठवू दिलंस?”

“तूप तुमच्या लेकानं खाल्लं, आत्याबाई. वाया न्हाई गेलं.”

मला वाटलं आता म्हातारी ओरडती. ती ओरडली न्हाई. उंबऱ्यावर बसली, तशीच, नवं लुगडं मातीत. पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून. “मला सांगायचं तरी,” ती म्हणली. “एवढ्या लांबून यून बसले मी.” अन् रडायला लागली, अन् काकू तिला उठवायला आली ती पण रडायला लागली, अन् मी तर आधीच. गल्लीत शाळेची पोरं उभी राहून बघायलेली. एकटी अक्का रडली न्हाई.

जरा वेळानं सासू उठली. “चल,” म्हणली.

“एवढी यादी होऊ द्या,” अक्का म्हणली.

अन् खरंच म्हातारी थांबली. गारा पडत राहिल्या. मग गप झालं. अक्कानं मशीन नीट बंद केलं, टर्मिनलवर फडकं टाकलं, माझ्या डोक्यावरनं हात फिरवला अन् सासूच्या मागं गल्लीतनं गेली. पुरण काकूनं गाईला घातलं.

ती परत आली न्हाई. तुळशीचं लग्न झालं, अन् सासूनं म्हणल्याप्रमाणं सगळं शिस्तीत झालं. भांडण न्हाई, तंटा न्हाई. दाजीला मी त्यानंतर एकदाच बघितलं, स्टेशनवर. तो डब्याच्या दुसऱ्या दारातनं उतरून गेला. अक्काच्या जागी दुसरी पोरगी आली, तिला आत बसायचं कधी, बाहेर बसायचं कधी, हे काकूनं पहिल्याच दिवशी सांगितलं.

परवा मी गंगाखेडला जाऊन आले. अक्का भावाच्या घरी हाय. अंगानं उतरलीय. भावजय समोर होती म्हणून आमी इकडचं तिकडचं बोललो. मी बडबड बडबड केली, सरांनी नवीन प्रिंटर घेतलाय, तो रेल्वेवानी आवाज करतोय, असलं काहीबाही. ती हसली. मग भावजय चहा ठेवायला गेली तवा मी विचारलं, “फारकतीच्या दिवशी लय त्रास झाला का गं?”

“न्हाई,” ती म्हणली. “कोर्टाच्या बाहेर ताटकळत बसलो होतो सगळे. तो टाइप करणारा झाडाखाली, फारकतीचा कागद एका बोटानं करायलेला. एकेक अक्षर शोधायला. आत्याबाई उन्हात, हे उन्हात, माझा भाऊ उन्हात. अन् माझं नाव पण चुकवलं त्यानं. मला दमच निघंना.”

“मग?”

“मग काय. म्हणलं, सरका बाजूला.”

“म्हणजे?”

“मीच केला,” अक्का म्हणली. “पाच मिनिटांत झाला.”